मावशीच्या फुलपाखराचा पासपोर्ट फोटो

माझा धंदा माणसांच्या तोंडाचा आहे. पासपोर्ट, परवाना, परीक्षेचा अर्ज, नोकरीचा अर्ज, नोकरी न मिळाल्यावर पुन्हा अर्ज. स्टुलावर बसवायचं, हनुवटी थोडी वर, दोन्ही कान दिसू देत, हसू नका. चार वर्षांत मी एकाही माणसाला हसताना टिपलेलं नाही. त्यामुळे मावशीचा फोन आला, "फोट्या, रविवारी सकाळी ये, एका फुलपाखराचा फोटो काढायचाय," तेव्हा माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला, "किती प्रती?"

"एक. पण ती बाराच्या आत सर्वेक्षणवाल्या बाईंना पोचली पाहिजे. नाहीतर मला चौथ्या मजल्यावर नेणारेत."

चौथ्या मजल्यावर दादा राहतो. दादा म्हणजे मावशीचा एकुलता एक मुलगा. माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा आणि जन्मल्यापासून पन्नाशीचा. त्याचं शहर इथून रात्रभराच्या प्रवासावर आहे.

प्रकरण असं होतं. मावशीने तीस वर्षं शाळेत जीवशास्त्र शिकवलं. निवृत्त झाल्यावर ती घरामागच्या बागेत वही घेऊन बसू लागली. फुलपाखरांची मोजदाद करणारं एक कार्यालय आहे, ते सामान्य लोकांकडून नोंदी मागवतं. मावशी त्यांना दोन महिने एकच गोष्ट कळवत होती : पांढरे पंख, काळी किनार, मागच्या दोन्ही पंखांवर एकेक नारिंगी ठिपका. पुस्तकाप्रमाणे हे फुलपाखरू आमच्या बाजूला नसतंच. मावशीच्या मते पुस्तकाने येऊन बघावं. तिने तेवीस पत्रं लिहिली. अर्जात फोन नंबरच्या जागी तिने दादाचा नंबर दिला होता, कारण स्वतःचा तिला पाठ नाही. त्यामुळे कार्यालयातून फोन गेला तो दादाला. "आपल्या आईंचा उत्साह दांडगा आहे," बाई म्हणाल्या. दादाने त्याचा जो अर्थ घ्यायचा तो घेतला.

त्यात मागच्या महिन्यात मावशी बागेत पाय घसरून पडली. घोटा मुरगळला, उठता येईना. दोन तास ती वाफ्यांच्या मधल्या फरशीवर तशीच पडून होती. शेवटी शेजारच्यांनी पाहिलं. दादा पहाटे येऊन पोचला आणि कावराबावरा होऊन म्हणाला, "आई, फार त्रास झाला का गं?" मावशी म्हणाली, "ते चार वेळा येऊन गेलं."

डॉक्टरांनी कागदावर 'भास' असं लिहून पुढे प्रश्नचिन्ह टाकलं. दादाने प्रश्नचिन्ह वाचलं नाही.

मग मायलेकांत ठरलं. रविवारी बाराच्या आत बाईंनी फोटो बघून 'होय' म्हटलं, तर मावशी इथेच राहणार. नाहीतर निमूटपणे टेम्पोत बसणार. दादा तयार झाला कारण फुलपाखरू नाहीच अशी त्याची खात्री होती. मावशी तयार झाली कारण आहे अशी तिची खात्री होती. दोघांनाही खात्री नव्हती ती फक्त माझी.

साडेआठला पोचलो तर टेम्पो दारात हजर. टेम्पोवाला तोंडावर वर्तमानपत्र घेऊन झोपला होता. आत दादा खोक्यांना चिकटपट्टी लावत होता, शर्ट घामाने पाठीला चिकटलेला.

"आलास? कर तुझं काम. मी माझं करतो."

"दादा, अजून बारा वाजायचेत."

"म्हणून तर खोकी बंद करतोय. वाजल्यावर उचलणार."

मावशी झिनियाच्या फुलांच्या वाफ्यासमोर वेताच्या खुर्चीत बसली होती. एका पायाला पट्टी, मांडीवर वही. ऊन असं होतं की पांढऱ्या वस्तूकडे बघवत नव्हतं, आणि मला पांढऱ्या वस्तूचाच फोटो काढायचा होता. अशा उन्हात पांढरा पंख कॅमेऱ्याला पंख वाटतच नाही, चित्राला भोक पडल्यासारखा दिसतो. मी प्रकाश कमी केला, अजून कमी केला. मग फुलं काळी पडली.

"पुढे होऊ नकोस," मावशी कुजबुजली. "तुझी सावली पडली की त्याला वाटतं पक्षी आला."

"मी?"

"त्याची गफलत होते. गुडघ्यावर ये."

मी गुडघ्यावर आलो. फरशी तव्यासारखी तापली होती. तासाभरात मी अकरा फोटो काढले. अकराही फुलं आली. त्यातल्या तीन फुलांवरून नुकतंच कुणीतरी उठून गेलंय असं दिसत होतं. साधी पांढरी फुलपाखरं मात्र पुष्कळ, ठिपक्याचं नाव नाही. माझ्या मनात पाल चुकचुकली. मी हळूच मावशीकडे पाहिलं. ती माझ्याकडेच बघत होती.

"तुला पण तेच वाटतंय ना?" ती म्हणाली.

"नाही गं."

"तोंड बघ स्वतःचं. अर्जाला लावण्यासारखं झालंय."

आणि ते आलं. दहाला दहा कमी होते. लाल झिनियावर बसलं, पंख सपाट पसरले, आणि मागच्या पंखांवर दोन ठिपके, नारिंगी, कुणी नुकतेच टेकवल्यासारखे. "हनुवटी वर," मी म्हणालो. तोंडातून आपोआप निघतं ते.

"त्याला हनुवटी नसते," मावशी म्हणाली. मी बटण दाबलं.

काच शर्टाच्या सावलीत धरून पाहिली. आलं होतं! ठिपक्यांसकट. मी कॅमेरा घेऊन दादाकडे धावलो. त्याने बाहेर येऊन कॅमेऱ्याच्या काचेत वाकून पाहिलं. पण त्या उन्हात काचेत काय दिसणार?

"हा मी आहे," दादा म्हणाला.

"सावलीत बघ ना."

"कशाला? बाई सांगतील ते खरं. तुमच्या दोघांचं मी ऐकणार नाही असं ठरलंय."

स्टुडिओ तिथून चार मिनिटांवर. रविवारची सुट्टी असते, पण किल्ली माझ्याकडेच. फोटो कॉम्प्युटरवर घेतला. मग जे झालं ते मी केलं नाही, माझ्या हातांनी केलं. त्यांनी फोटो चौकोनात कापला. मागची पार्श्वभूमी पांढरी केली. मग चेहऱ्यावरचे डाग काढले. मूळ फोटोच्या जागीच हा नवा फोटो सेव्ह केला. मग कॅमेऱ्याचं कार्ड साफ केलं, कारण आमच्या मालकांचा नियमच आहे, गिऱ्हाईक उठलं की कार्ड साफ. एकदा एका नवरीच्या अर्जावर टकल्या गृहस्थाचा फोटो गेला होता, तेव्हापासून. सगळं मिळून चाळीस सेकंद. वर मी शीळ घालत होतो.

पाठवला. पंधरा मिनिटांनी बाईंचं उत्तर आलं.

'फोटो सुरेख आहे. पण हे साधं पांढरं फुलपाखरू. सगळीकडे असतं. ठिपके कुठे आहेत? आणि हे नक्की कशावर बसलंय?'

मी फोटो पाहिला. फुलपाखरू शून्यात बसलं होतं. पंख अगदी स्वच्छ, मुलाखतीला निघाल्यासारखे.

कार्डात शोधलं, कॉम्प्युटरच्या कचऱ्यात शोधलं, टेबलाखालीसुद्धा वाकून पाहिलं. टेबलाखाली का, ते विचारू नका. मग डोक्यात आलं, ठिपकेच तर आहेत. मी लोकांना केस दिलेत. एका गृहस्थाला कोट-टाय दिला, तो त्याने अजून परत केलेला नाही. नारिंगी रंग घेतला, दोन ठिपके टेकवले. खरे वाटत होते. फक्त एक आठवेना, किनारीला लागून होते की थोडे आत? पंख म्हणजे काही गाल नव्हे, तीळ कुठेही खपून जायला. मी मावशीला फोन केला.

"मावशी, ते ठिपके नेमके कुठे होते गं?"

ती म्हणाली, "फोटोत बघ ना."

मी नारिंगी ठिपके थोडे आत सरकवले.

"फोट्या. काय केलंस?"

मी सांगितलं. माझा आवाज सातवीतल्या मुलासारखा येत होता. तिने पूर्ण ऐकून घेतलं.

"पुस ते," ती म्हणाली.

"मावशी, कुणाला कळणार नाही. आणि आपलं खरंच आहे ना? खरं ते खरंच."

"मी तीस वर्षं उत्तरपत्रिका तपासल्या. बरोबर उत्तरसुद्धा कॉपी करून लिहिलेलं असलं तर मी शून्य दिलंय. पुस आणि ये."

परत आलो तेव्हा अकरा वाजून गेले होते. ऊन डोक्यावर आलं होतं, आणि या वेळेला फुलपाखरं पानांखाली सावलीला जाऊन बसतात, हे मला मावशीनेच त्या सकाळी शिकवलं होतं. दादाला कळलं होतं. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. तो अगदी मऊ आवाजात म्हणाला, "म्हणजे ठिपके होते, पण याने ते पुसले. बरं. असू दे हं." आणि त्याने माझ्याकडे असं पाहिलं, की चौथ्या मजल्यावर आता दोन खाटा लागणार.

अकरा वीस. अकरा तीस. मी वाफ्याभोवती बेडकासारखा फिरत होतो. प्रत्येक पान उचलून बघत होतो, म्हणजे जे असेल तेही उडवत होतो. मावशीने वही मिटली. तिने वही मिटलेली मी पहिल्यांदाच पाहिली, आणि मला खरी भीती वाटली ती तेव्हा.

अकरा चाळीसला दादा बाहेर आला. डोक्यापासून कमरेपर्यंत घामाने निथळत होता. "आई, चल. खुर्ची पण न्यायचीये." तिला आधार द्यायला तो खाली वाकला.

"हलू नकोस," मावशी म्हणाली.

"आई, आता नको—"

"तुझ्या मानेवर आहे."

दादा कमरेत वाकलेला तसाच थांबला. मी मागून पाहिलं. कॉलरच्या वर, केसांच्या खाली, ओल्या मानेवर ते बसलं होतं आणि घाम पीत होतं.

"मला काही जाणवत नाही," दादा ओठ न हलवता म्हणाला.

"मीठ लागतं त्यांना. पिऊ दे."

"दादा, खरंच आहे," मी म्हणालो.

"तू गप्प. तू पुसणारा आहेस."

पण तो हलला नाही. स्वतःची मान स्वतःला दिसत नाही, हा त्याच्यावर फार मोठा अन्याय होता. दोन शब्दांवर विश्वास ठेवायचा, ते शब्दही कुणाचे, तर आईचे आणि माझे. एक झटका मारून तो उभा राहिला असता तर सगळं संपलं असतं. मी गुडघ्यांवर सरकत पुढे आलो. पंख मिटलेले होते. उघडायला हवे होते.

"आई," दादा जमिनीकडे बघत म्हणाला, "दोन तास पडून होतीस तू. एकटी."

"हो."

"मला रात्रभर बसमध्ये काय काय दिसत होतं, माहितीये? आणि तू म्हणतेस चार वेळा आलं."

मावशी पट्टी बांधलेल्या पायाकडे बघत म्हणाली, "पाय फार ठणकत होता रे. कुणी येईना. काहीतरी मोजायला हवं होतं. पाचव्यांदा येईना, तेव्हा मी रडणारच होते."

दादाच्या नाकाच्या शेंड्यावरून घामाचा थेंब ओघळून फरशीवर पडला. नुसता घामच होता की काय, कुणास ठाऊक. तो तरीही हलला नाही. पंख उघडले. मी बटण दाबलं. पुन्हा दाबलं. मग ते उडालं, आणि दादा तसाच वाकलेला.

"गेलं?"

"गेलं."

"मग आता माझी कंबर कुणीतरी सरळ करा."

पळालो. स्टुडिओत डावा हात मांडीखाली दाबून बसलो आणि उजव्या हाताच्या एकाच बोटाने काम केलं. न कापता, न पुसता, दादाच्या मानेवरच्या घामोळ्यांसकट फोटो पाठवला. अकरा अठ्ठावन्न. कार्ड खिशात घातलं आणि खिसा मुठीत धरून परत आलो.

बारा वाजले. तिघेही माझ्या फोनकडे बघत होतो. टेम्पोवाला जागा होऊन बागेत आला. "निघायचं का?" त्याने विचारलं, आणि मग तोही फोनकडे बघू लागला. बारा पाच. मावशीने पदराने चष्मा पुसला. बारा सात. पुन्हा पुसला. बारा नऊला फोन थरथरला. मी मोठ्याने वाचलं.

'हेच! दोन्ही ठिपके स्पष्ट. पत्रं लिहिणाऱ्या बाईंची क्षमा मागते. बुधवारी स्वतः येते. नोंद पूर्ण करायला एक माहिती हवी, कशावर बसलं होतं?'

"लिही," मावशी म्हणाली. "मुलगा."

"बारा वाजून गेले की पण," टेम्पोवाला म्हणाला. त्याला काय ठरलंय हे कुणी सांगितलंच नव्हतं, तरी त्याने नेमकी मेख मारली.

दादाने मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि हात खाली घेतला. "खोकी परत उघडा," तो म्हणाला.

मावशी उठायला गेली. पाय लटपटला. तिने दादाची बाही पकडली आणि सोडली नाही. ते दादाने पाहिलं, मी पाहिलं, आणि आम्ही दोघांनी पाहिलं हे तिनेही पाहिलं.

"पावसात ती नसतात," ती फुलांकडे बघत म्हणाली. "तीन महिने बागेत चिखलच असतो. फरशी निसरडी होते. तेव्हा येईन तुझ्याकडे. तीनच महिने हं."

"ये," तो म्हणाला. "पण आई, तिकडे तुला कंटाळा येईल. गॅलरीत काही येत नाही. फार तर कबुतरं."

"किती?"

"काय किती?"

"कबुतरं किती येतात?"

"ते कोण मोजतंय?"

मावशीने वहीचं कोरं पान उघडलं.