ओल्या छपराची सहा मिनिटं

मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे, मित्रांनो. वजन तेरा किलो, त्यामुळे मला कुणी उगाच हलवत नाही. प्रागजवळच्या क्लाद्नो गावात ब्लाझेना नावाच्या नर्सने मला घरी आणलं, तेव्हा तिची आई म्हणाली होती, "नवरा आणायचा सोडून हे काय आणलंस?"

ब्लाझेनाला वेड होतं एका वाद्यवृंदाचं. नाव 'ओलं छप्पर'. चौघे जण सेलो नावाचं मोठं व्हायोलिन, पत्र्याचा टब आणि पाणी उपसायचा पंप वाजवायचे. गाण्यात शब्द जेमतेम. तेव्हा आमच्याकडे कम्युनिस्ट राजवट होती, लोकांसमोर वाजवायला सरकारी परवान्याचा कागद लागायचा, तो त्यांना कोण देणार? मग चाहत्यांपैकी कुणाचं लग्न ठरलं की हे तिथे वाजवायचे. लग्नाला कुठे कागद लागतो? कारखान्याच्या भट्टीत कोळसा टाकणाऱ्या रादिमच्या लग्नात मी मेजाखाली बसून बेचाळीस मिनिटं नोंदवली. रादिम बायकोपेक्षा पंपाकडेच जास्त बघत होता.

मग दर गुरुवारी दुपारी सात-आठ चाहते हातात बूट घेऊन आमचा जिना चढायचे, कारण खालच्या मजल्यावरची बाई चुगल्या करायची. लग्नातली फीत सगळे मिळून ऐकायचे, तिची नक्कल करून न्यायचे आणि भांडायचे. "हा पंप रडतोय," कुणी म्हणे. "रडत नाही रे, दमलाय," दुसरा म्हणे. एरवी या माणसांनी एकमेकांना ओळखलंही नसतं. माझ्याभोवती त्यांची घट्ट मैत्री झाली. मला फार अभिमान वाटायचा.

त्या वसंतात धाडी पडल्या. वादकांपैकी दोघे तुरुंगात गेले, सगळ्या नकला जप्त झाल्या. उरली फक्त माझ्यावरची मूळ फीत.

एका दुपारी फोन वाजला. रादिम होता. "काकू निघाल्यात. तासाभरात तुझ्याकडे येतील."

काकू म्हणजे गुप्त पोलीस. ब्लाझेनाचा चेहरा पांढराफटक पडला. फीत सापडली तर नोकरी जाणार आणि वर तुरुंग. जाळावी तर वासाने खालची बाई वर येणार. मग ती उठली, आपल्या पोपटाचा पिंजरा आणून माइकसमोर ठेवला आणि माझा लाल खटका दाबला.

मित्रांनो, माझ्यात नवं नोंदवलं की जुनं पुसलं जातं. ज्या गाण्यासाठी मी जगलो, ते मीच पुसत होतो. पोपट मजेत किलबिलत होता. ब्लाझेना तोंडावर हात दाबून रडत होती, आवाज येऊ नये म्हणून.

छत्तीस मिनिटं झाली आणि दार वाजलं. काकू लवकर आल्या होत्या. ब्लाझेनाने मला बंद केलं. गाण्याची शेवटची सहा मिनिटं तशीच राहिली.

आलेला माणूस सभ्य होता, त्याचीच जास्त भीती वाटली. त्याने कपाटं उघडली, गादी उलटली, मग माझ्याकडे वळला.

"यात काय आहे, बाई?"

"पोपटाचा आवाज, साहेब. आई परगावी आहे, तिला पाठवायचाय."

"ऐकू या की."

"सगळा पोपटच आहे हो. कंटाळाल."

"अहवालात 'पूर्ण ऐकलं' असं लिहावं लागतं. कॉफी असेल तर द्या."

तो ऐकत बसला. दहा मिनिटं पोपट. वीस मिनिटं पोपट. कॉफी संपली, कपात गाळ उरला. ब्लाझेना घड्याळाकडे बघायची नाही, पण तिची बोटं एप्रनच्या टोकाशी चाळा करत होती आणि मी मनातल्या मनात चाकं फिरवणारा माझा पट्टा तुटावा म्हणून देवाला विनवत होतो. तुटला नाही. माझी बनावट पक्की आहे.

छत्तिसावं मिनिट संपलं. पोपट थांबला आणि पंप घरघरला. मग टब खडखडला, सेलो विव्हळला. तो माणूस ताठ बसला. कान माझ्याजवळ आणला. ब्लाझेनाने खुर्चीची पाठ घट्ट धरली.

"बाई," तो म्हणाला, "तुमचं यंत्र गेलं. आत काहीतरी घासतंय. माझ्या मेव्हण्याचंही अस्संच झालं होतं."

"हो का?" ब्लाझेना कशीबशी म्हणाली.

"तेल घाला. वेळेवर घातलं असतंत तर इतकं बिघडलं नसतं." त्याने अहवालात 'पोपट, यंत्र नादुरुस्त' असं लिहिलं आणि टोपी घालून गेला.

मला इतका राग कधी आला नव्हता, आणि इतकं हायसंही कधी वाटलं नव्हतं.

पुढच्या गुरुवारी सगळे आले. ब्लाझेना मान खाली घालून म्हणाली, "छत्तीस मिनिटं मी मारली. फीत पुढे पळवते, शेवटचं ऐका."

"पळवू नकोस," रादिम म्हणाला. "सुरुवातीपासून लाव."

छत्तीस मिनिटं ती माणसं पोपट ऐकत बसली. कुणी हसलं नाही, कुणी हललं नाही. मधूनच रादिमचा पाय ताल धरायचा; तिथे कोणतं गाणं होतं, ते त्याला पाठ होतं. हळूहळू सगळ्यांचेच पाय हलू लागले, एकाच तालात.

मित्रांनो, मला तेल घाला, माझ्यावरची धूळ पुसा, हे तर सांगतोच. पण जे आवडतं ते एकट्याने सांभाळू नका. चार जणांना पाठ होईपर्यंत ऐकवा. माझ्यावरून ते पुसलं गेलं, पण त्या पायांमधून मला पुसता आलं नाही.