उपडा पिंप

तळ्याच्या काठावर पाय ठेवायला जागा नव्हती. दुकानं अर्धी ओढलेली, शाळा सुटलेली, आणि अख्खं गाव तोंडाचा आ करून पाण्याकडे बघत होतं. गावात नव्यानं आलेल्या चमत्कारी बाबानं बुडी मारून अठरा मिनिटं झाली होती. घड्याळ दुरुस्त करणारा दर मिनिटाला आकडा ओरडायचा आणि दर आकड्याला गर्दी पुढे सरकायची.

विसाव्या मिनिटाला बाबा वर आला. धाप नाही, खोकला नाही. कपाळावर तांबडा पट्टा.

"पाण्यानं खूण केली!" चेला किंचाळला. झालं, माणसं तो पट्टा बघायला एकमेकांच्या अंगावर चढली.

बाबा दगडावर उभा राहिला. "श्वास ही नुसती खोड आहे, बंधूंनो! मूल नऊ महिने पोटात श्वास घेतं का? मासा घेतो का?" (घेतो की. पण बाबाला मध्ये टोकणार कोण?) "मी ती खोड सोडली! ज्याची छाती आजारी, त्यानं माझ्याबरोबर खाली यावं. पाणी जुनी छाती धुऊन देतं!"

छाती काय मळका सदरा आहे धुवायला? पण लोक माना डोलवत होते.

मी मात्र त्या पट्ट्याकडे बघत होतो. मी वेल्डर, टाक्या आणि पिंप जोडणारा. लोखंडाला गंज लागू नये म्हणून जो तांबडा रंग मारतात, तो मी झोपेतसुद्धा ओळखीन. परवाच हा चेला दोनशे लिटरचा पिंप घेऊन आला होता. म्हणाला, एका टोकाचा पत्रा पूर्ण काप, काठाला वजनं टांगायला चार कड्या जोड, आतून रंग दे. "कशाला रे?" विचारलं, तर म्हणाला, "माशांचं खाद्य ठेवायला." दोन दिवस वाळू दे म्हटलं, तर ओलाच टेम्पोत टाकून पळाला.

माझी दहा वर्षांची पुतणी शेजारी उभी होती. ती आमच्या शेडमध्येच वाढली. पिंप कुठे गळतो हे बघायला आम्ही तो हौदात उपडा दाबतो. आतली हवा अडकते, आणि भोक असेल तिथून बुडबुडे येतात. दाबायचं काम माझं, बुडबुडे शोधायचं तिचं.

"काका," ती मोठ्यांदा म्हणाली, "खाली उपडा पिंप असणार! त्यात डोकं घालून बसला असेल तो!"

"गप्प बस!" मी तिचं मनगट दाबलं.

चार माणसं वळून बघायला लागली होती म्हणून दाबलं. पिंप माझ्या हातचा होता म्हणून दाबलं. आणि पुढे दादा उभा होता. माझा थोरला भाऊ, तिचा बाप. तीस वर्षं लोखंड घासून धूळ त्याच्या छातीत बसली होती. घराच्या पाच पायऱ्या चढताना तो दोनदा थांबायचा. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, औषधानं आराम पडेल, छाती नवी होणार नाही. त्या दिवशी मात्र दादा ताठ उभा होता. दुसऱ्या दिवशी बाबाबरोबर उतरायला पहिला हात त्यानंच वर केला.

संध्याकाळी मी म्हणालो, "दादा, जाऊ नकोस."

"का रे?"

"पाणी गार असतं," एवढंच मी म्हणालो. पिंपाचं सांगितलं असतं तर गाव म्हणालं असतं, ह्याचाही हात आहे. आणि वाटलं, हवा तर आहे खाली, वीसच मिनिटं, होऊन होऊन काय होईल? बंद टाकीत उतरायचं तर कमरेला दोरी आणि वर माणूस, हे दादानंच मला शिकवलेलं. तेव्हा नेमकी कुठे पेंड खायला गेली होती माझी अक्कल!

"वहिनीला सांग," दादा हसून म्हणाला, "उद्यापासून पायऱ्या एका दमात."

दुसऱ्या दिवशी बाबा त्याचा हात धरून तळ्यात उतरला. दोघं दिसेनासे झाले. बारा मिनिटं, तेरा मिनिटं. चौदाव्या मिनिटाला बाबा वर आला. एकटा, तोंड काळंनिळं, कुत्र्यासारखा धापा टाकत. खोड परत लागली होती त्याला.

"दादा कुठंय?" वहिनी ओरडली.

"त्याची... श्रद्धा... कमी पडली," बाबा म्हणाला.

मी कपड्यांनिशी उडी मारली. पाणी गढूळ, काही दिसेना. हाताला आधी लोखंड लागलं. जोड चाचपला, माझाच होता. मग दादा लागला, पिंपाखाली दुमडलेला. दम संपला म्हणून मी पिंपात डोकं घातलं. आत हवा होती, पण कोंदट, गरम. दोन श्वासांत डोकं भणभणलं. आधाराला हात वर लावला, तर मऊ रंगावर बोटांचे खोल ओरखडे होते.

दादाला बाहेर काढलं. डॉक्टरीणबाई अर्धा तास झटल्या आणि मग उठल्या.

"हवा होती, पण एका माणसापुरती," त्या म्हणाल्या. "दोघांनी सोडलेला श्वासच परत परत आत घेतला. त्यात ह्यांची छाती अशी."

बाबाला पोलिसांनी नेलं. पिंप काठावर ओढून आणला, तो सगळ्यांनी पाहिला. तरी तिसऱ्या दिवशी आमच्याच ओसरीवर बसून शेजारचा शिंपी म्हणाला, "ते काही असो, श्रद्धा कमी पडली हे खरं."

पुतणी उठली. बादली भरून आणली. पेल्याच्या तळाशी कागदाचा बोळा घट्ट बसवला आणि पेला सरळ उपडा पाण्यात दाबला. वर काढून कागद शिंप्याच्या हातात दिला. कोरडा.

"पेल्याची श्रद्धा होती का?" तिनं विचारलं.

शिंपी उठून गेला. मग ती माझ्याकडे वळली.

"काका, तुला माहीत होतं ना?"

तिथं बसलेल्या सगळ्यांसमोर मी हो म्हणालो. वहिनी आत निघून गेली. तेव्हापासून ती माझ्याशी बोललेली नाही, आणि तिचं काही चुकत नाही.

बाबा सुटेल, किंवा दुसरा येईल. तुमच्या घरात बादली आहे, पेला आहे. चमत्कार दिसला की आधी ते करून बघा. माहीत असेल ते ओरडून सांगा, लोक काय म्हणायचं ते म्हणोत. आणि गर्दीत एखादी पोर बरोबर बोलत असेल, तर तिचं मनगट दाबू नका. मी दाबलं होतं.