जास्तीचा पाटा

“काढू? पुन्हा एकदा इचारतो, काढू?” गाडीखालून बद्रीनाथचा आवाज आला. “म्हस्कूभाऊ, ह्यो पाटा तूच हट्टानं टाकून घेतल्ता. याच्या जिवावर चाळीस-चाळीस मेंढरं वढली तू. काढला तं पंचवीसच्या वर भरता यायची न्हाई.”

“काढ म्हणलं ना! किती डोकं खातो?”

बद्रीनाथने पाना फिरवला. टेंभुर्णीच्या फाट्यावरचं त्याचं गॅरेज म्हणजे एक बाभूळ, चार पत्रे आणि ग्रीसने काळी पडलेली एक बाज. पण पिकअपच्या पाट्यांच्या कामात त्याचा हात धरणारा त्या रस्त्यावर दुसरा नव्हता. म्हस्कूची गाडी जुनी, चौदा वर्षांची. मागच्या चाकांवर पोलादी पाट्यांची कमान असते, सगळा भार तिच्यावर. ज्याला जास्त माल वाहायचा तो एक पाटा जास्तीचा टाकून घेतो. भरलेली गाडी मग झोकात चालते. रिकामी मात्र अशी आपटते की विचारू नका. रस्त्यातला खडासुद्धा बसणाऱ्याच्या पाठीला कळतो. म्हस्कूला हे ठाऊक होतं. पण गाडी रिकामी झाली म्हणजे धंदा झालेला असतो, आणि धंदा झाल्यावर पाठीचा विचार कोण करतो?

मागे बसायची ती त्याची बायको, सुगंधाबाई. मेंढरांची गाडी म्हटली की हौद्यात एक माणूस लागतंच. एखादं मेंढरू खाली बसलं तर बाकीची त्याला तुडवून मारतात. त्याला उठवायला कुणीतरी हवं. पुढे म्हस्कूशेजारी व्यापारी साहेबराव. व्यापाऱ्याला पुढची सीट द्यायची, हे इतक्या वर्षांचं की त्यात काही ठरवण्यासारखं आहे हेच कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

गेल्या वर्षी बाजार करून हसनाबादकडून परत येत होते. मेंढरं विकली गेली होती, तीनच उरली होती. राजूरच्या अलीकडे एक नळकांडी पूल लागतो, तिथे गाडी उडाली. सुगंधाबाई हातभर वर फेकली गेली आणि खाली आली ती स्टेपनीच्या लोखंडावर, पाठीवर. तिने केबिनच्या पत्र्यावर तीनदा थाप मारली.

“मेंढरं नाचून राह्यली रे मागं,” साहेबराव हसत म्हणाला. म्हस्कूही हसला. राजूरला चहाला उतरल्यावर त्याने हौद्याचा मागचा फाळका उघडला, तेव्हा ती पत्र्याला हात लावून तशीच आडवी होती.

मणका दबला होता. चार महिने अंथरूण, मग कमरेला पट्टा. सुगंधाबाईने नवऱ्याला एक शब्द ऐकवला नाही. ऐकवला असता तर बरं झालं असतं, असं म्हस्कूला कितीदा वाटलं. तिने फक्त त्या गाडीत पुन्हा पाय ठेवला नाही. दवाखाना असो की माहेर, ती एसटीने जायची. जागा मिळाली तर बसून, नाहीतर दांडी धरून.

आणि आता हसनाबादला दिलेल्या त्यांच्या लेकीला, मोनिकाला, सातवा महिना लागला होता. गुरुवारी ओटी भरायची होती.

“दोन गाड्या बदलून कशी जाशीन?” म्हस्कूने विचारलं होतं. “एवढं सामान, त्यात तुझी पाठ...”

“तुमच्या हौद्यापरीस एसटीत उभी बरी,” ती म्हणाली, आणि लाडू वळत राहिली.

वर्षभरात तिने एवढंच बोलून दाखवलं होतं. म्हस्कूने दुसऱ्याच दिवशी गाडी बद्रीनाथकडे आणली.

पाटा निघाला. शॉकअप नवे बसले, झिजलेले बुश बदलले, चाकांतली हवा जरा उतरवली. म्हस्कू फाट्यापासून पेट्रोल पंपापर्यंत चक्कर मारून आला तो खुशीतच.

“लोण्यावानी चालून राह्यली रे! बिलकुल दणका न्हाई!”

“वैनी कुठं बसतीन?” बद्रीनाथने विचारलं.

“मागंच की. जाड गादी टाकतो. पत्र्याला उशी लावतो.”

बद्रीनाथ हात पुसता पुसता थांबला. “तू बसला का रे कधी मागं?”

“मी? मंग गाडी काय तुझा बाप चालवील?”

“बापाला ऱ्हाऊ दे, मी चालवतो. चढ.”

म्हस्कू हसत हसत चढला. बद्रीनाथने गाडी मुद्दाम जुन्या शिवरस्त्याला घातली. पहिल्याच खड्ड्याला म्हस्कूचे दात दातांवर आपटले. गाडी सुधारली होती, नाही असं नाही. पण हे सुधारलेलं असेल तर आधीचं काय होतं? चालवणाऱ्याला खड्डा समोर दिसतो, तो अंग सावरून धरतो. मागे बसलेल्याला रस्ता दिसतो तो मागे पडल्यावर. पुढचं म्हणाल तर केबिनच्या मागच्या काचेतून फक्त डोकं दिसतं, पाठमोरं. तेरा वर्षं ती त्याचं डोकं बघत आली होती. शेजारी साहेबरावची टोपी.

त्याने गाडी थांबवायला पत्र्यावर थाप मारली. गाडी थांबेना. दुसरी मारली. तिसरी मारताना त्याचा हात तसाच पत्र्यावर राहिला.

पुढे बऱ्याच अंतरावर बद्रीनाथ थांबला. “वाजवलं का? मला वाटलं, पत्राच वाजून राह्यलाय.”

म्हस्कू उतरून चाकाशी उकिडवा बसला. त्याला रडू आलं होतं आणि ते लपवायचं त्याला सुचलंही नाही. बद्रीनाथ बिचारा घाबरला. “काय झालं, भाऊ? लागलं का?”

“मला न्हाई लागलं,” म्हस्कू म्हणाला.

घरी गेल्यावर तो पायऱ्यांवरच बसून राहिला. मग आत न बघता म्हणाला, “मोनिकाची माय, परवा पुढं बस. माझ्याजवळ.”

आत भांड्यांचा आवाज थांबला. “आन् साहेबरावदादा भेटले वाटंत तं?”

“भेटू दे.”

“मला आपलं पुढून मागं धाडायचं, त्यापरीस आधीच न्हाई म्हणा.”

“मी आज मागं बसून आलो,” म्हस्कू म्हणाला. “तू वाजवल्तं त्या दिवशी. मी हसलो.”

तिने पुन्हा भांडी मांडायला घेतली. मग म्हणाली, “सकाळी सातला निघू. ऊन व्हायच्या आत.”

गुरुवारी ती पुढच्या सीटवर बसली खरी, पण अंग चोरून, परक्याच्या घरात बसल्यासारखी. मांडीवर हिरव्या साडीची पिशवी, लाडवांचा डबा पायाशी, आणि एक हात दाराच्या कडीवर घट्ट. गाडी बरी चालत होती. म्हस्कू तिरक्या नजरेने पुन्हा पुन्हा तो हात बघत होता.

राजूरच्या चौकात नेमका साहेबराव उभा. त्याने हात केला आणि गाडी थांबायच्या आत दार उघडलंसुद्धा.

“अरे, वैनी? बरं झालं, हिंडाय-फिराय लागल्या. जरा मागं होता का वैनी? मला बी हसनाबादच गाठायचंय.”

सुगंधाबाईने सवयीने पिशवी उचलली. म्हस्कूने तिच्या पिशवीवर हात ठेवला.

“दादा, तुमाला मागं बसावं लागंल. गादी टाकेल हाय.”

“मी? मागं?” साहेबराव हसला. मग म्हस्कू हसत नाही हे त्याच्या ध्यानात आलं. “बराबर हाय. मंग पुढल्या बाजारी माझा माल बी दुसऱ्याच्या गाडीत जाईल, सांगून ठेवतो.”

“जाऊ द्या.”

दुसरी गाडी तासभर नव्हती. साहेबराव धोतर सावरत, पुटपुटत मागे चढला. म्हस्कूने गाडी गिअरमध्ये टाकली. सगळ्यात मोठं गिऱ्हाईक गेलं, हे त्याला कळत होतं. शेजारी सुगंधाबाई समोर बघत होती.

गाव मागे पडलं. उताराला पांढरे कठडे दिसायला लागले.

“त्योच का पूल?” तिने विचारलं.

“त्योच.”

ती पुढे वाकून काचेतून बघत राहिली. त्या रस्त्याने शेकडो वेळा गेलेली बाई तो पूल पहिल्यांदा समोरून बघत होती.

“एवढासा हाय व्हय,” ती म्हणाली. मग तिने कडीवरचा हात काढला आणि नवऱ्याच्या दंडाला हलकेच लावला.

“आवो, हळू घ्या. मागं माणूस बसेल हाय.”

म्हस्कूने गाडी पहिल्या गिअरवर आणली. समोरचा रस्ता त्याला नीट दिसत नव्हता. पण पूल त्याने इतक्या सावकाश ओलांडला की मागच्या माणसाला कळलंसुद्धा नाही.