एकविसावं वाक्य

वहीच्या तारेत फाडलेल्या पानाची झालर अडकून राहिली होती – दातेरी, नखाएवढी – आणि ती पिनेने हळूहळू सोडवत बसली होती. जणू त्या चिटोऱ्यावरही दादाच्या हातचा एखादा शब्द चुकून उरला असेल... नव्हता. वही संपली होती. मोहिमेचे मात्र अजून नऊ दिवस बाकी होते.

कॉमिक दोघांचं. गोष्ट दादाची, चित्रं तिची. बावीस मजली इमारतीतली लिफ्ट दुरुस्त करणारी एक बाई, आणि तिला मजल्यामजल्यावर भेटणारी अडकलेली माणसं. गोष्ट लिहून झाली आणि साध्या तापाचं निमित्त होऊन दादा गेला, त्याला आता आठ महिने झाले. चित्रं तिने एकटीने पुरी केली, छपाईसाठी लोकवर्गणीची तीस दिवसांची मोहीम उघडली, आणि दुसऱ्याच दिवशी छापखानेवाल्या काकांचा फोन आला. "अगं, पहिल्या दिवशीच सगळं दाखवून बसलीस. आता महिनाभर तेच दळण दळणार का? लोकांना रोज नवं काहीतरी लागतं." मग जरा थांबून, आवाज उतरवून, "दादाचं सांग ना. लोक धावून येतील."

मढ्याच्या टाळूवरचं लोणी! तिने फोन ठेवून दिला होता. काका वाईट नव्हते, म्हणून तर जास्तच लागलं... आणि त्याच दुपारी तिने दादाची वही उघडली. त्या लिफ्टवाल्या बाईच्या तोंडची, गोष्टीत न मावलेली वाक्यं होती वहीत. रोज एक मोहिमेच्या ऑनलाइन पानावर टाकायचं ठरलं. वर मथळा – 'लेखक म्हणतो'. म्हणायचा नव्हे, म्हणतो. 'तळमजल्यावरून वर बघणाऱ्याला वाटतं, सगळे पोचले.' लोक हसले, एकमेकांना पाठवू लागले, लेखकाला कधी भेटवताय म्हणून विचारू लागले, आणि ती उत्तर देत राहिली – तो जरा लाजाळू आहे. मी त्याचं मरण विकणार नव्हते ना, मग त्याचं जगणं मांडून बसले... यात कमी पाप कुठलं, हे कुणाला विचारणार?

आणि आई. आठ महिने जिने वर्तमानपत्रसुद्धा हातात धरलं नव्हतं ती तिसऱ्या दिवसापासून दुपारी चष्मा पुसत दाराशी येऊन उभी राहायला लागली. "आज काय म्हणाला गं?" सहज, तो बाहेरगावी असावा तसं. मग वाक्य कुणासाठी टाकतो आहोत, हेच कळेनासं झालं – लोकांसाठी, आईसाठी, की...

विसावं वाक्य काल गेलं. आज तिने चार ओळी लिहून खोडल्या, त्याच्यासारखे तुटक शब्द जुळवले, आणि पाचवी मोहिमेच्या पानावर टाकली. लोकांना आवडली. नेहमीसारखीच आवडली – तेच तिला सोसेना. कुणालाच कसं कळलं नाही?

आई आली. दाराशी न थांबता आत आली, आणि पडद्यावरची ओळ एकेक शब्द सुटा करत वाचू लागली. "अडकलात तर ओरडू नका. बाहेर कुणीतरी जिना चढत असतं."

तिने चष्मा काढला. "हे त्याचं नाही."

"कशावरून?"

"तो ओरडला असता गं! एकदा न्हाणीघराची कडी अडकली, तर पाच मिनिटांत घर डोक्यावर घेतलं होतं त्याने." आई हसली, आणि हसता हसता मधेच, पायरी चुकावी तशी थांबली. "वही संपली?"

तिने मान डोलावली.

आईने तिच्याकडे पाहिलं. मग हलकेच म्हणाली, "केव्हाची चढते आहेस तो जिना?"

आठ महिने पुरवून पुरवून वापरलेला दादा आईच्या त्या एका प्रश्नात संपला होता, आणि तो संपवणारी आपणच, असं वाटून छाती रिकामी झाली... तरी त्या रिकामपणात काहीतरी दुखत होतं. गुडघे, पाठ, पेन्सिल धरून धरून वाकडं झालेलं बोट. इतके दिवस तिला वाटत होतं, हे सगळं दादाचं ओझं आहे. थकवा मात्र तिचा होता, तिचा एकटीचा, आणि तो आज पहिल्यांदाच कुणीतरी पाहिला होता.

उद्या काय लिहायचं, तिला ठाऊक नव्हतं. ती नुसती बसून राहिली. आणि आईही गेली नाही.