राजाचा चौथा भाऊ

“राजाले आनखी एक भाऊ पायजे,” भैयाजी पाटील म्हणाले. “आमचे जवाई आले ना चांद्याहून. त्याईले काम द्या.”

“तीन भाऊ झाले ना, पाटील,” लटारूकाका म्हणाले.

“मंग चौथा! दशरथाले चार पोरं होते नाई का?”

दशरथाचा हिशेब चुकला तरी सगळे हसले. मीही हसले, आणि मग लक्षात आलं, अख्खा पहिला अंक मलाच पुन्हा उतरवायचा आहे!

लटारूकाका आमच्या गावचे शिंपी. चिमूरपासून नागभीडपर्यंतच्या नाटकवाल्यांचे झगे तेच शिवत. यंदा मात्र, पन्नाशी उलटल्यावर, त्यांनी स्वतः नाटक लिहिलं होतं. शंकरपटात बैलांच्या शर्यती आटोपल्या की ते व्हायचं होतं. सातवीत माझ्यासारखं अक्षर कुणाचं नाही (मास्तरच म्हणतात!), म्हणून नकला काढायचं काम माझं. मुळात नाटक केवढंसं! एक राजा, एक भाऊ, एक राणी. राणी मरते तिथे लिहिता लिहिता मी रडले होते.

पण मांडव पाटलांचा, म्हणून त्यांच्या माणसांना कामं. गॅसबत्त्या वारलूभाऊंच्या, आणि त्यांना वाघ व्हायचं होतं, म्हणून मध्येच शिकार. एक भाऊ वाढला की त्याला भाषण, भाषण आलं की बाकीच्यांची उत्तरं बदलायची. आणि ज्यांचं पाठ झालं होतं ते जुनंच म्हणत सुटायचे.

“काका, नाई म्हना ना!”

“मांडव त्याईचा हाये, पोरी.”

“नाटक तं तुमचं हाये ना?”

काकांनी दातानं दोरा तोडला.

शंकरपट तोंडावर आला तरी दुसरा अंक बसेना. तेव्हा पाटलांनी तालीम घ्यायला बाहेरून दोन मास्तर आणले. त्यांना आधी गोष्टच समजावत बसावं लागलं. मग ते आपसात भांडले: एक म्हणे राणी मरू नये, दुसरा म्हणे राणीच नको. जावईबापू तर रुसून चांद्याला परतले. पण त्यांचं भाषण सगळ्यांच्या भाषणांत असं गुंतलेलं, की काढता येईना.

पटाच्या दिवशी बैलांचा धुरळा खाली बसतो न बसतो, तोच पलीकडच्या गावच्या नाटकमंडळीच्या बैलबंड्या मांडवापाशी थांबल्या.

“मीच बलावलं त्याईले,” पाटील काकांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले. “तुमचं पुढच्या साली करू. आनखी मोठं करू!”

मी बोलणारच होते. तेवढ्यात पडद्यामागून कुणी ओरडलं, “शिंपी हाये का जी इथी? राजाचा झगा उसवला!”

काका उठले. राजाला हात वर करायला सांगून त्यांनी काखेत टाके घातले.

“तुमी नाटकात नाई का, भाऊ?” राजानं विचारलं.

“मी शिंपी हाओ,” काका म्हणाले.

घंटा झाली. पडदा वर गेला. राजानं तलवार उगारली, लोकांनी टाळ्या वाजवल्या. काका कडेला, हातात सुई धरून उभे होते. त्यांचे ओठ हलत होते. ते शब्द त्या नाटकातले नव्हते.