दोन कुलपांचा दांडा

मी एक जुना सागवानी दांडा आहे. तेर गावाच्या पुढे, रुळांच्या कडेला गवतात दोन तुकडे होऊन पडलो आहे. मित्रांनो, शाळेत जाताना तुम्ही माझ्यावरून उड्या मारता, त्याचा मला राग नाही. पण मी मोडलो कसा, हे गावात जो तो वेगळंच सांगतो. खरं काय ते मलाच ठाऊक आहे.

निजामाच्या राज्यात एका सुतारानं मला तासलं. पांढरे-तांबडे पट्टे ओढून त्यानं मला रेल्वेच्या फाटकावर आडवं बसवलं. छोट्या रुळांची गाडी आली की मी खाली यायचो, ती गेली की वर व्हायचो. फाटकवाला कोंडीराम मला फार जपायचा. वाळवी लागू नये म्हणून दर दिवाळीनंतर माझ्या अंगाला डांबर फासायचा आणि वरून पट्टे नव्यानं रंगवायचा. गाडीवान म्हणायचे, या फाटकामुळं जीव वाचतात. मीही जरा फुगून जायचो, खोटं कशाला बोलू?

मग कोंडीराम थकला आणि गावी निघून गेला. त्याच्या जागी माणूस कोणी ठेवायचा, यावरून घोडं अडलं. रेल्वेचे लोक म्हणाले, रस्ता निजाम सरकारचा आहे, सरकारनं ठेवावा. तहसिलीतले लोक म्हणाले, रूळ रेल्वेचे आहेत, रेल्वेनं ठेवावा. निकाल लागेपर्यंत रेल्वेनं मला खाली पाडून साखळीनं जखडलं आणि कुलूप घातलं. रस्ता आमचा असताना रेल्वेचं कुलूप कसं, म्हणून तहसिलीनं शेजारी आपलंही एक कुलूप लावलं. दोन्ही किल्ल्या दोन दिशांना गेल्या. एका तापट माणसानं सरकारी कुलपावर दगड घातला, तर त्याला ठाण्यात नेऊन बसवलं. तेव्हापासून कोणी मला हात लावेना. बैलगाड्या पुढच्या फाटकाकडून जाऊ लागल्या. त्या फेऱ्यात अख्खा दिवस मोडायचा. दोन्ही अंगांना खोल चर आणि निवडुंगाचं कुंपण, त्यामुळं दुसरी वाटच नव्हती. लोक मला शिव्या घालायचे. त्या मी कोणाकडे पाठवणार?

माझ्याखालून वाकून जाणारी एकच बाई उरली होती, म्हातारी रुद्रम्मा. तिच्या नवऱ्याची समाधी रुळापलीकडच्या शेतात होती. रोज सकाळी पाण्याचा तांब्या आणि बेलाची पानं घेऊन ती तिकडे जायची. सकाळची गाडी जाईपर्यंत ती माझ्या अलीकडे थांबे. ड्रायव्हर तिला बघून एक आखूड शिटी देई आणि ती वाकलेली दिसेपर्यंत मागं वळून बघत राही. मग ती कंबरेवर हात ठेवून कण्हत कण्हत माझ्याखालून निघे. तिच्या लेकानं, बसप्पानं, दोन्ही कचेऱ्यांत दरखास्ती दिल्या. दोन्हीकडे त्याला बसायला सांगितलं, पाणी दिलं आणि दुसऱ्याकडे पाठवलं.

एका सकाळी रुद्रम्मानं माझ्यावर हात ठेवला. हात गार होता. ती म्हणाली, "जिती हाय तवर वाकून जाते, बाबा. मेल्यावर न्हाय वाकायची. ध्यानात ठिव."

त्यानंतर ती चालत कधी आली नाही.

मित्रांनो, रुद्रम्मा लिंगायत होती. त्यांच्यात मेलेल्या माणसाला आडवं नेत नाहीत. बांबूंचं विमान सजवून त्यात ताठ बसवतात, कपाळाला विभूती लावतात आणि बसलेलंच मातीत ठेवतात. तिची जागा नवऱ्याशेजारी, रुळापलीकडे. दिवस बुडायच्या आत तिला तिथं पोचवायचं होतं. बसप्पानं सकाळीच दोन्हीकडे माणसं पाठवली होती आणि दोन्हीकडून किल्ली येईल असा निरोपही आला होता. म्हणून दुपारी विमान निघालं.

घंटा वाजत आली आणि माझ्यापुढं थांबली. लोकांनी विमान खाली ठेवलं. रुद्रम्मा माझ्यासमोर बसली होती, अगदी नाकासमोर. तिची एक पापणी नीट मिटली नव्हती. मी तिच्याकडे बघत होतो आणि तीही माझ्याकडे बघत होती. मला भीती वाटली, हे मी कबूल करतो.

उन्हं उतरली. मग किल्ल्यांसाठी गेलेली दोन्ही माणसं रिकाम्या हातानं परत आली. स्टेशनवर म्हणाले होते, सरकारी कुलूप आधी उघडू द्या, मग आमचं उघडू. तहसिलीत म्हणाले होते, रेल्वेचं आधी. शेवटी बसप्पा हलक्या आवाजात म्हणाला, विमान वरून उचलून नेलं तर कलंडेल, आईला वाकवू आणि खालून काढू. पूजेला आलेल्या जंगमांनी मान खाली घातली. बसप्पानं आईच्या मानेवर हात ठेवला.

तेवढ्यात संध्याकाळची गाडी आली. तीच गाडी, तोच ड्रायव्हर. त्यानं नेहमीची आखूड शिटी दिली. मग अजून एक दिली. आणि करकर आवाज करत गाडी फाटक ओलांडून थोड्या अंतरावर थांबली. डब्यांतून माणसं डोकावू लागली. ड्रायव्हर खाली उतरून माझ्यापर्यंत आला. फुलांमधल्या त्या चेहऱ्याकडे त्यानं बराच वेळ पाहिलं आणि डोक्याचा रुमाल काढला.

"म्हातारी आज वाकली न्हाय," तो म्हणाला, "म्हून गाडी थांबवली."

बसप्पानं आईच्या मानेवरचा हात काढून घेतला आणि तो रडू लागला.

त्या वेळी मला माझ्या आतलं सगळं कळलं. कोंडीराम गेल्यापासून कोणी डांबर फासलं नव्हतं. वरून मी रंगीत होतो आणि आतून वाळवीनं पोखरलेला होतो. सगळे जण दोन हात लांब उभे होते, वाराही नव्हता. मी रुद्रम्माकडे एकदा पाहिलं आणि मोडलो.

आवाज मोठा झाला. बायका मागं सरकल्या. मी चरात कोसळलो. माझ्या बुंध्याला साखळी तशीच होती आणि दोन्ही कुलपं घट्ट बंद होती. विमान उठलं. ताठ बसलेली रुद्रम्मा रूळ ओलांडून पलीकडे गेली. ती पोचेपर्यंत गाडी जागची हलली नाही.

पुढे चौकशी झाली. दांडा कोणी मोडला? रेल्वे म्हणाली सरकारनं सांगावं, सरकार म्हणालं रेल्वेनं सांगावं. मला कोणी विचारलं नाही. नाहीतर मी सांगितलं असतं की मी मोडलो, दोष माझ्यावर घाला.

मित्रांनो, वस्तूंना वेळेवर तेल-डांबर लावत जा. आणि तुमच्या हातात एखादी किल्ली असेल, तर दुसऱ्याच्या किल्लीची वाट बघू नका.

अजूनही सकाळी गाडी जायच्या वेळेला इथं तांब्याची किणकिण ऐकू येते. माणूस दिसत नाही. गवत दबतं, माझ्या जुन्या जागेपाशी येऊन पावलं थांबतात आणि सवयीनं कोणीतरी कण्हतं. मग तिला आठवतं, आणि पावलं सरळ पुढं जातात.