आज भूल नाही

शकु ड्रेसिंगच्या खोलीच्या उंबऱ्यातच बसली. मांडीवर पाच वर्षांची सुलू, डावा हात खांद्यापर्यंत पट्ट्यांत गुंडाळलेला. ट्रे घेऊन आलेला श्यामसुंदर ड्रेसर तिच्यापुढे थांबला.

"ओ ताई, उठा. मुलीला आत द्या."

"नाय देणार."

घाटकोपरच्या त्या धर्मादाय इस्पितळात सुलूला दाखल करून नऊ दिवस झाले होते. उकळत्या पेजेचं पातेलं तिच्या हातावर उलटलं होतं. रोज सकाळी दोन आया तिचे पाय धरत, श्यामसुंदर खांदे दाबून धरी आणि जखमेला चिकटलेली पट्टी ओढली जाई. शकुला बाहेर ठेवत. पहिले चार दिवस सुलू आईला हाका मारत ओरडली. पाचव्या दिवसापासून ती नुसतीच ओरडू लागली. आईचं नाव तिने सोडून दिलं.

सर्जन डॉक्टर गुप्ते राउंड अर्धवट टाकून आले.

"काय तमाशा आहे हा?"

"तिला झोपवून करा, डॉक्टर."

"रोज रोज भूल? एवढ्याशा पोरीला? जिवावर बेतेल. मुलं ओरडतात आणि विसरतात."

"माझी नाय विसरत. नुसती ट्रेची खडखड झाली तरी चड्डी ओली करते." शकु जागची हलली नाही. "उचलायचं तर दोघींना उचला."

आवाज ऐकून शेजारच्या ऑपरेशन थिएटरमधून डॉक्टर मृणालिनी बाहेर आली. भूल देण्याच्या कामावर तिला इथे जेमतेम दोन महिने झाले होते.

"सर, मी देते. दंडात एकच इंजेक्शन. श्वास तिचा तीच घेत राहील. वजन करून मात्रा ठरवीन, ऑक्सिजनचा सिलिंडर बाजूला ठेवीन आणि ती शुद्धीवर येईपर्यंत तिथून हलणार नाही."

"आणि माझं ऑपरेशन?"

"तेवढा वेळ थांबेल, सर."

गुप्त्यांनी घड्याळात पाहिलं. "करा. पण एकदाच."

मृणालिनी शकुसमोर उकिडवी बसली. "सकाळपासून हिच्या पोटात काय गेलंय?"

सुलूची मान शकुच्या दंडावर कलंडली होती, डोळे जड झाले होते.

"खरं सांगा. भुलीत उलटी होऊन छातीत गेली तर मला आवरायची नाही."

‘काही नाही’ एवढंच म्हटलं की आज भूल मिळत होती. शकुने पोरीच्या कपाळावरचे केस मागे सारले.

"सातला दूध दिलं. आणि खोकल्याचं औषध, दोन चमचे. गुंगी येते म्हणाला समोरचा केमिस्ट. मला बघवत नव्हतं, बाई."

"बघा!" गुप्ते म्हणाले. "श्यामसुंदर, घे तिला. नेहमीसारखं उरकून टाक."

"आज भूल नाही," मृणालिनी उठत म्हणाली. "ते औषध अंगात असताना मी काहीच देणार नाही."

"मग ड्रेसिंग पण नाय," शकु म्हणाली. तिने सुलूला आणखी घट्ट धरलं.

"पू झाला तर? हात जाईल पोरीचा! जबाबदारी कोणाची?" गुप्त्यांनी विचारलं.

मृणालिनीने सुलूचा ताप पाहिला, पट्टीचा वास घेतला. "ताप नाही, वासही नाही. आज वरची पट्टी सलाईनने भिजवून ठेवू. उद्या सकाळी भुलीत काढू. केसपेपरवर मी लिहिते, सर, माझ्या सहीने."

गुप्ते तिच्याकडे पाहत राहिले. मग थिएटरकडे वळले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुलू उपाशी होती आणि पाण्यासाठी रडत होती. शकुने दिलं नाही. इंजेक्शननंतर सुलूचे डोळे अर्धवट उघडे राहिले, पण ती छताकडे कुठेतरी लांब बघत होती. शकु दचकली.

"झोपलीच आहे. ह्या औषधाने असंच दिसतं," मृणालिनी म्हणाली. तिची बोटं सुलूच्या नाडीवर होती.

आज शकु आत होती. पट्टी थराथराने सुटत गेली. श्यामसुंदर टेबलाच्या डोक्याशी आपल्या नेहमीच्या जागी उभा होता, आणि हात कुठे ठेवावेत हे त्याला कळत नव्हतं. शेवटी त्याने ते पाठीमागे बांधले.

गुप्ते जखम बघायला आले. त्यांनी हात निरखला, कोपरापाशी नवी कातडी दाखवली आणि बेसिनकडे गेले. त्यांच्या पाठीकडे बघत शकुने विचारलं,

"आणि उद्या?"

पाणी बराच वेळ वाहत राहिलं. त्यांनी नळ बंद केला, टॉवेल घेतला.

"पहाटेपासून काही देऊ नका तिला," ते म्हणाले.